सात भावंडांचं पाकीट

माउंट होप, ओहायो
११ मार्च

प्रिय सलोमा,

हवा ओली आहे. दिवसा चिखल, पहाटे बर्फ. मेपलच्या झाडांना रस सुटायला उत्तम आणि माझ्या गुडघ्यांना वाईट. झालं, हवेचं लिहून झालं. पत्राची सुरुवात हवेनेच करायची म्हणून आईने आपल्या सातही जणांना धपाटे घातले होते, ते पाठीला अजून आठवतात.

आता खरी बातमी. मी पुन्हा पणजी झाले! हे एकोणिसावं. माझ्या रूबेनच्या धाकटीला मुलगी झाली. जावळ इतकं की सुईण म्हणाली, अजून आठवडाभर आत राहिली असती तर वेणी घालूनच आली असती. आणि नाव काय ठेवलंय माहीत आहे? सलोमा! मी काही बोलले नाही हं. म्हणजे दोनदाच बोलले. तिसऱ्यांदा बोलणार तेवढ्यात त्यांनीच ठेवलं.

रस उकळायला ठेवलाय, त्यामुळे घरभर वाफ आहे आणि कागद ओला होतोय. अक्षर त्यामुळे असं आहे. एरवीही असंच असतं म्हणा. सहावीतून शाळा सोडलेलीचं अक्षर आणखी कसं असणार?

पण माझा राग ऐक. तुझ्या मानेत पुन्हा गाठी आल्या हे मला मेरी श्लाबाखकडून कळावं? ती तुमच्याकडचं एक लग्न आटोपून आली आणि चर्चनंतर ताटं पुसता पुसता म्हणते, "सलोमाचा आजार उलटला ना गं, वाईट वाटलं." माझ्या हातातून ताट पडलं. ज्यांच्या घरी प्रार्थना होती त्यांचं चांगलं ताट. आणि तुझ्या मागच्या पत्रात काय होतं? कोंबड्या! दोन पानं कोंबड्या!

चार वर्षांपूर्वी त्या लिम्फोमासाठी, गाठींच्या कॅन्सरसाठी, तुला बाटल्या चढवल्या, केस गेले, टोपीखाली डोकं कोंबडीच्या अंड्यासारखं झालं, तेव्हाही तू मला सगळं झाल्यावर सांगितलंस. आणि आता तर ॲटलीही नाही. नवरा जाऊन सहा महिने झाले, घरात सून आणि मुलगा, पण मनातलं बोलायला कोण आहे तुला? मी आहे. तीन वर्षांनी मोठी आहे. बोल.

नियम सांगते, तू विसरतेस. पाकीट आलं की आपलं जुनं पत्र आपण काढायचं, नवं घालायचं, दहा दिवसांत पुढे धाडायचं. दुसऱ्याच्या पत्राला हात लावायचा नाही. सात जणांत फिरायचं तेव्हा हे पाकीट पावाएवढं जाड असायचं. आता आपण दोघीच राहिलो. दोघींत फिरतं तरी मी त्याला फेरीच म्हणते.

तुझी,
मालिंडा

---

कॅश्टन, विस्कॉन्सिन
२ एप्रिल

प्रिय मालिंडा,

हवा कोरडी, वारा पश्चिमेचा. लहान सलोमाला सांग, नाव जपून वापर, मला परत द्यायचं नाही.

तुला वेळ मिळाला तर वाच, कारण हे मी एकदाच लिहिणार आहे. गाठी मानेत आणि काखेत आहेत. पोटातही, ते यंत्रात दिसलं. या वेळी बाटल्या नाहीत. गोळ्या आहेत. रोज सकाळी चार, पाण्याबरोबर. डॉक्टर तरुण आहे, पायात रंगीत मोजे घालतो, पण समजावून सांगतो. त्याने विचारलं, तुम्ही आमिश लोक घरात फोन-वीज ठेवत नाही, मग शेतावर माणसांना जेवायला कसं बोलावता? मी म्हटलं, अंगणातली घंटा वाजवतो. तो म्हणाला, बरोब्बर. तुमच्या आजारी पेशींच्या आत अशीच एक घंटा सारखी वाजते आहे, 'जगा, वाढा, जगा, वाढा'. आधीच्या औषधाने आम्ही सगळं शेतच जाळलं होतं, चांगलं-वाईट सगळं. ही गोळी फक्त त्या घंटेची जीभ धरून ठेवते. घंटा वाजली नाही की ती माणसं उपाशी मरतात.

मला ते पटलं. घरी येऊन अंगणातल्या घंटेकडे जरा वेळ बघत बसले.

अकरा दिवस झाले. मानेची गाठ अक्रोडाएवढी होती, आता वाटाण्याएवढी आहे. सून ॲडा रोज बोट लावून बघते आणि रडते. मी तिला म्हटलं, कमी होतेय तर हस ना बाई. दंडावर निळे डाग पडतात, जरा कुठे टेकलं तरी. बाकी ठीक.

मन मात्र लागत नाही. ॲटलीची टोपी खुंटीवर आहे. काढवत नाही आणि बघवतही नाही. हे मेरी श्लाबाखला सांगू नकोस.

कोंबड्या बऱ्या आहेत.

सलोमा

---

माउंट होप, ओहायो
३ जुलै

प्रिय सलोमा,

हवा गरम, गवत कापून झालं, पाऊस पडला तो नेमका वाळत घातलेल्या चादरींवर.

वाटाण्याएवढी! मी पत्र वाचून स्वयंपाकघरात नाचले. सत्त्याहत्तराव्या वर्षी, बंद दाराआड, त्यामुळे बिशपला कळायचं कारण नाही. पाकीट पाठवायला उशीर केला हे खरं, पण उशिराचं कारण पार्सलात आहे. आधी ते उघड. उघडलंस? तो पत्र्याचा डबा आहे ना, त्यात कुंपणाकडेची पिवळी फुलं आहेत. आठवतात? पाच पाकळ्यांची, बोटांत चुरडली की लाल डाग पडतो, आणि पान उजेडाकडे धरलं की सुईने टोचल्यासारखी भोकं दिसतात. आई जूनच्या शेवटी तोडायची आणि माळ्यावर वाळवायची. बाबा गेल्यावर तिला त्याच चहाने तगवलं. उदास मनाला याहून चांगलं काही नाही. गोळी गाठींचं बघेल, मनाचं कोण बघणार? रंगीत मोजेवाला?

मी स्वतः तोडली, बादली घेऊन, सकाळचं दव गेल्यावर. एका म्हशीएवढ्या गायीने मला कुंपणाशी अडवलं, तो किस्सा मोठा आहे, नंतर सांगेन. नाही, आत्ताच सांगते. ती रूबेनची गाय, तिचं नाव डचेस, आणि तिला वाटलं बादलीत मीठ आहे. तिने बादलीत तोंड घातलं आणि बाहेर काढलं तेव्हा नाकभर फुलं! इतकी खूश दिसत होती की मी म्हटलं, बघ, गुण आलाच.

दिवसातून तीन कप. मध घाल. चुकवू नकोस. डब्यावर तुझं नाव लिहिलंय माझ्या अक्षरात, म्हणजे ॲडाला वाचता येणार नाही आणि ती पिणार नाही.

लहान सलोमाला दोन दात आले. चावते.

मालिंडा

---

कॅश्टन, विस्कॉन्सिन
१९ सप्टेंबर

प्रिय मालिंडा,

हवा छान, सफरचंदं पिकली.

चहा पिते आहे. तीन कप, मध घालून. चव आईच्या स्वयंपाकघरासारखी आहे. पहिला कप प्यायले आणि वाटलं, मागून ती ओरडेल, कप विसळून ठेव गं. मी खरंच विसळून ठेवला.

सांगायला हरकत नाही, मन हलकं झालंय. ॲटलीची टोपी मी खुंटीवरून काढली, धाकट्या नातवाला दिली. त्याच्या कानांवर येते. बघून हसले.

महिन्याची तपासणी झाली. नर्स दर वेळी एकच प्रश्न विचारते, "दुसरं काही औषध घेता का?" मी म्हणते, नाही. औषध म्हणजे चार गोळ्या, एवढंच. तिने पहिल्या दिवशी बारीक अक्षरांचा लांबलचक कागद दिला होता, तो ॲडाने बायबलात ठेवलाय. त्यात ग्रेपफ्रूट खाऊ नका असं आहे. मी म्हटलं, विस्कॉन्सिनात ग्रेपफ्रूट कोण पिकवतं?

काखेत थोडं दुखतं. फार नाही. डॉक्टर म्हणाला, बघू.

सलोमा

---

माउंट होप, ओहायो
८ नोव्हेंबर

प्रिय सलोमा,

हवा थंड, पहिला बर्फ पडला पण टिकला नाही.

टोपी दिलीस! मी सगळ्यांना सांगितलं. गोधडी शिवायला बसलो होतो बारा जणी, मी म्हटलं, माझ्या बहिणीला गोळीने अर्धं बरं केलं आणि माझ्या चहाने अर्धं. फॅनी म्हणाली, "मालिंडा, गोळीचं पाऊण धर." मी म्हटलं, बरं, पाऊण गोळी, पण राहिलेला पाव भाग गोडीचा आहे. हसून हसून मेली कात्रीच हरवली, नंतर गोधडीच्या आत शिवली गेलेली सापडली.

आणखी एक मोठा डबा पाठवतेय, हिवाळाभर पुरेल. कप वाढव, चार कर. काखेचं दुखणं म्हणजे अंगातलं वाईट बाहेर पडतंय, आई असंच म्हणायची.

एप्रिलमध्ये मी येणार आहे. मोटारवाल्या हॉवर्डला सांगून ठेवलंय, व्हॅनमध्ये आम्ही पाच बायका असू. आठ वर्षांनी तुला बघेन. तू म्हातारी झालीस का? मी नाही झाले.

मालिंडा

---

कॅश्टन, विस्कॉन्सिन
२४ जानेवारी

प्रिय मालिंडा,

हवा कडक, उणे एकवीस.

गाठी परत वाढल्या. मानेतली पुन्हा अक्रोडाएवढी आहे. गोळी थकली असं दिसतंय, काही जणांच्या बाबतीत थकते. मोठ्या शहरात आणखी एक उपाय आहे, महिनाभर तिथे राहावं लागतं. मी नको म्हटलं. मला माझ्या खिडकीतून धान्याचं कोठार दिसायला हवं.

चहा आता पाठवू नकोस. दोन्ही डबे उंदरांनी फस्त केले. तोंडाला चवही राहिली नाही.

एप्रिलमध्ये नक्की ये. जमलं तर लवकर.

सलोमा

---

माउंट होप, ओहायो
१२ फेब्रुवारी

प्रिय सलोमा,

हवेचं काय लिहू, थंडी आहे.

पत्र वाचलं. मग उठून पाव मळला, कारण दुसरं काही सुचेना. चार पाव झाले, एकही नीट फुगला नाही. गोळी थकली तर थकली, तू थकू नकोस.

पण एक सांग. उंदीर? पत्र्याचा डबा, घट्ट झाकण, आणि उंदीर? सत्तर वर्षं ते फूल घरात आहे, मी आजवर एकही उंदीर त्याला तोंड लावताना पाहिला नाही. तुला चहा नको होता तर सरळ म्हणायचंस. मला राग आलाय. म्हणजे येऊन गेला. लहान सलोमा चालायला लागली त्यामुळे फार वेळ टिकला नाही. टेबल धरून चालते आणि मध्येच सोडून देते, मग सगळ्यांकडे बघते, की पाहिलंत ना?

तुझा वाटा वाया जाणार नाही. आमच्याकडचा एमॅन्युएल, घोड्यांचे पट्टे शिवणारा, ज्याची जीभ त्याच्या सुईपेक्षा तीक्ष्ण आहे, त्याच्याही रक्तात काहीतरी निघालंय. तुझ्यासारखीच गोळी देतात म्हणे, घंटेची. अजून पन्नाशीचाही नाही, घरी सहा पोरं. बायको लिडिया परवा माझ्याकडे येऊन रडली, म्हणाली, हा हल्ली चेष्टासुद्धा करत नाही. मी म्हटलं, थांब, माझ्याकडे इलाज आहे. माळ्यावर एक पोतं उरलंय. येत्या आठवड्यात नेऊन देते.

मालिंडा

---

कॅश्टन, विस्कॉन्सिन
१८ फेब्रुवारी

मालिंडा,

आधी बस. चष्मा लाव.

एमॅन्युएलला ती फुलं देऊ नकोस. दिली असशील तर आत्ता जाऊन परत आण, हे पत्र नंतर वाच. मुलाला रस्त्याकडेच्या फोनखोलीत पाठवून तुझ्याकडच्या फोनवर निरोप ठेवलाय, पण तू तो आठवड्यातून एकदा ऐकतेस म्हणून हेही लिहिते.

गेलीस का? आलीस का? आता वाच.

उंदीर नव्हते. डिसेंबरात तपासणीला ॲडा बरोबर आली. नर्सने नेहमीचा प्रश्न विचारला, मी नेहमीचं उत्तर दिलं. ॲडा सहज म्हणाली, औषध नाही, पण चहाने यांना फार बरं वाटतं. नर्सने हातातलं पेन खाली ठेवलं. कसला चहा? ॲडाने सांगितलं, पिवळी फुलं, भोकांची पानं. नर्स डॉक्टरला घेऊन आली. त्या दिवशी त्याचे मोजे काळे होते.

त्याने ओरडून नाही, हळूच सांगितलं. ती फुलं प्यायली की शरीर औषध मोडून फेकायला फार चपळ होतं. गोळी पोटात जाते, पण घंटेपर्यंत पोचायच्या आधीच शरीर तिला बाहेर काढतं. पाच महिने मी गोळी घेत होते आणि अर्ध्याहून जास्त वाया घालवत होते. ते त्या कागदात लिहिलं होतं, ग्रेपफ्रूटच्या खालच्या ओळीत. त्यांनी दिलेलं शास्त्रातलं नाव होतं, आपण ते नाव कधी ऐकलेलं नाही. चहा बंद करून दोन महिने पाहिलं. गाठी आता ऐकत नाहीत.

मी त्याला विचारलं, चहा नसता तर? तो म्हणाला, माहीत नाही. गोळी एखाद्या वर्षात आपणहून थकलेली माणसंही मी पाहिली आहेत. कदाचित असंच झालं असतं. कदाचित नसतं. देवाशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि देव काही तपासणीला येत नाही.

मी तुला हे कधीच सांगणार नव्हते. ॲडाकडून शपथ घेतली होती. तू बादली घेऊन कुंपणाशी गेलीस, गायीशी भांडलीस, ते सगळं मी आनंदाने प्यायले. तो आनंद तुझ्याकडे तसाच राहू द्यायचा होता. पण सहा पोरं आहेत, मालिंडा. तुझं मन राखायला मी एमॅन्युएलला गमावू शकत नाही.

आता हे नीट ऐक. पाच वेळा प्रश्न विचारला आणि पाच वेळा 'नाही' मी म्हटलं. तू नाही. आपल्या घरात ते औषध नव्हतंच, ते आईचं होतं. त्यामुळे माफ करायला माझ्याकडे काही नाही. तरी तुला हवंच असेल तर केलं. आत्ताच केलं, बटाटे सोलता सोलता.

एवढंच मागते. गप्प बसू नकोस. पाकीट दहा दिवसांत धाड. नियम तुझाच आहे.

सलोमा

---

माउंट होप, ओहायो
२८ जून

प्रिय सलोमा,

हवेचं नंतर.

चार महिने पाकीट माझ्या टेबलावर पडून होतं. आईने मला चुलीत घातलं असतं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पहिली ओळ वाचली आणि उठले. कोट घातला नाही. घोडा जुंपायला वेळ लागला असता म्हणून चालत गेले, बर्फातून, दीड मैल. लिडिया चुलीशी होती आणि कपात तो चहा होता. पाच दिवस दिला होता तिने. मी तो कप एमॅन्युएलच्या हातातून काढून बर्फात ओतला. पिवळं भोक पडलं बर्फाला. तो म्हणाला, "मालिंडा, म्हातारपणी वेड लागलं की आधीपासूनच होतं?" मग माझं तोंड पाहिलं आणि मला खुर्ची ओढून दिली. पोतं मी फरफटत घरी आणलं आणि जाळलं. त्याच्या डॉक्टरांना त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. पाचच दिवस, म्हणाले, ठीक आहे. मागच्या आठवड्यात त्याच्या तपासणीत चांगलं निघालं. मला पाहिलं की विचारतो, "आज काय ओतणार?"

हे सगळं तुला त्याच संध्याकाळी लिहायला बसले. हवेचं लिहिलं आणि पुढे येईना. माझ्याकडून, सलोमा! जिच्या बडबडीपासून लोक पळतात! रोज बसायचे. 'थंडी आहे' लिहायचे. कागद चुलीत घालायचे. मला वाटलं एप्रिलमध्ये येतेच आहे, तेव्हा तोंडाने सांगेन, पाय धरेन. व्हॅन तेवीस एप्रिलला निघणार होती. निरोप सतरा तारखेला आला.

मी आले. अकरा तास बाकीच्या चौघींपैकी कोणी माझ्याशी बोललं नाही, कारण मी बोलत नव्हते, त्या घाबरल्या. तू शवपेटीत पांढऱ्या कपड्यांत होतीस. मानेला मी हात लावला. गाठ तशीच होती.

ॲडाला मी विचारलं, माझं पत्र आलं नाही म्हणून ती काय म्हणाली? मला वाटलं ती टाळेल. पण ती तुझीच सून. म्हणाली, रोज पत्रपेटीकडे बघायच्या. मग एके दिवशी म्हणाल्या, "मालिंडा गप्प आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझं ऐकलं." आणि हसल्या. मग म्हणाल्या, "तो कप तिने नक्की ओतलाय." मी ॲडाला म्हटलं, ओतला, बर्फात ओतला. ती म्हणाली, त्यांना माहीत होतं.

तुला माहीत होतं, पण मी सांगायला हवं होतं.

ॲडाने तुझं कपाट उघडलं. तू काढून ठेवलेली पत्रं होती बिस्किटांच्या डब्यात, एकूण एक, कोंबड्यांचं पत्रसुद्धा. आणि त्यामागे माझे दोन्ही डबे. एक रिकामा, धुतलेला. दुसरा गच्च भरलेला, झाकणही न उघडलेला. उंदरांनी फस्त केलेला! त्यावर माझ्या वाकड्या अक्षरात तुझं नाव. टाकून का दिला नाहीस, विचारलं मी ॲडाला. ती म्हणाली, "नाव होतं ना." फुलं आम्ही दोघींनी शेतात नेऊन जाळली. डबा मी आणलाय. त्यात बटणं ठेवते.

लहान सलोमा आता धावते. मी "सलोमा!" अशी हाक मारते आणि प्रत्येक वेळी जरा थांबते. ती येते मात्र.

ॲडा म्हणाली, फेरीत मला घ्याल का? मी म्हटलं, हवेने सुरुवात करता येते का? म्हणाली, येते. तेव्हा आज हे तिच्याकडे निघतंय. माझं फेब्रुवारीचं पत्र मी काढलं, हे घातलं. तुझं अठरा फेब्रुवारीचं आत तसंच आहे. ॲडाला चिठ्ठी लिहिली आहे की त्याला हात लावायचा नाही, ज्याचं त्यानेच काढायचं. ते राहील. पाकीट त्यामुळे जाड होणार नाही फार.

आता हवा. ऊन आहे, वारा नाही. कुंपणाकडे पिवळी फुलं आली आहेत, या वर्षी कधी नव्हे इतकी. डचेस तिथेच उभी आहे, बादलीची वाट बघत. मी खिडकीतून बघते. जात नाही.

तुझी,
मालिंडा